शिळं पाणी

वीज गेली संध्याकाळी सहाच्या सुमारास
आणि फिल्टर थांबला.
त्याचा आवाज आधी ऐकूच यायचा नाही.
थांबल्यावर कळलं,
इतकी वर्षं ओतियाच्या खोलीत कुणीतरी घोरत होतं.

तिबिलिसीतला तो हिवाळा. मी अकरा वर्षांची.
ओतिया खालच्या मजल्यावर,
बंद पडलेल्या सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा.
अंधार हीच त्याची नोकरी, म्हणून तो गडबडला नाही.
काडी ओढली, मेणबत्ती काचेला लावून धरली
आणि पाण्यात पाहत बसला.
(लोक एकमेकांना पाण्यात पाहत होते तेव्हा, पावासाठी, रॉकेलसाठी.
हा खरोखरच पाण्यात पाहायचा.)

पहिल्या तीन रात्री आम्ही पाळ्या लावल्या:
पेला बुडवायचा, हातभर उंचावरून ओतायचा,
पुन्हा बुडवायचा.
पाण्यात हवा मिसळते म्हणे त्याने.
मी पहाटे पावाच्या रांगेतून यायची,
हातमोजे काढायची आणि ओतायला लागायची.
बोटं बधिर. पेल्यावर जर्दाळूच्या मुरांब्याचं लेबल.

गप्पी तरीही गेले. आधी शेपट्या मिटल्या, मग ते स्वतः.
ओतियाने वहीत आकडा खोडला,
खाली नवा लिहिला, तो खोडला.
गार पाण्यात त्यांचं काय चालणार.
उरले सात मॅक्रोपॉड, पट्टेरी, भांडकुदळ,
वर येऊन हवेचा घोट घेणारे.
त्यांना आमच्या पेल्याची गरजच नव्हती.
तीन रात्री आम्ही कुणासाठी जागलो कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी त्याने पाच मासे बरण्यांत घातले.
दोन औषधांच्या दुकानातल्या नाझिब्रोलाला,
दोन ह्रांत चांभाराला,
एक मला. बरणीसकट, अटींसकट.

अटी अशा:
खडे धुवायचे नाहीत. घाण दिसते तिथे कामकरी राहतात,
इतके बारीक की मोजता येत नाहीत,
त्यांना साबण दाखवलास तर मासा माझ्याकडे परत.
पाणी बदलायचं ते तिसरा हिस्सा, आठवड्यातून एकदा,
आणि नळाचं ताजं कधीच नाही.
बादलीत दोन दिवस उघडं ठेवलेलं, शिळं.
"ताजं माणसांना," तो म्हणायचा, "माशांना मुरलेलं."
आणि खाणं: चिमटीत मावेल त्याच्या अर्धं.
आमच्याच घरी पाव मोजून कापत होते,
हात आखडता घेणं मला कुणी शिकवायला लागलं नाही.

फेब्रुवारीत तो कुठल्याशा तळ्यावर गेला,
बर्फ फोडून हिरवी, केसाळ, काहीशी ओंगळ वनस्पती
कोटाच्या खिशातून घेऊन आला.
खिसा आठवडाभर वाळला नाही.
तिच्याबरोबर एक गोगलगायही आली, बोलावलं नव्हतं तरी.
तिला खिडकीत ऊन मिळालं की
पानांवर मोहरीएवढे बुडबुडे धरायचे,
एकेक सुटून वर जायचा.
पाणी चहाच्या रंगाचं झालं, मग कधीतरी
नुसतं पाण्याच्या रंगाचं.

मार्चमध्ये वीज आली, दीड तासासाठी.
अख्खी इमारत ओरडली. कुणी इस्त्री लावली, कुणी किटली,
वरच्या मजल्यावर रेडिओ एकदम मध्यापासून बोलू लागला.
मी धावत खाली गेले.
ओतिया फिल्टरचा प्लग हातात घेऊन उभा होता.
मासा पानाखालून बाहेर आला, आमच्याकडे बघून परत आत गेला.
"झोपलाय तो," ओतिया म्हणाला.
खरं तर नव्हता झोपलेला.
त्याने त्या जागी नाझिब्रोलाची शेगडी लावून दिली,
आणि बटाटे उकडले आम्ही, मीठ नव्हतं.

माझ्या आजच्या घरात वीज जात नाही.
खिडकीत काचेची टाकी आहे, दोन मासे, पुष्कळ झाडं,
आवाज काहीच नाही.
पाहुणे विचारतात, बंद पडलंय का काही?
मी नाही म्हणते.
आणि न्हाणीच्या दाराशी बादली आहे, तीत
कृपा करून हात धुवू नका.
ते परवाचं पाणी आहे. उद्या लागेल.